कुलूपबंद भट्टी

विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला ज्ञानाची एकच व्याख्या मान्य आहे: ज्याचे पुनर्मूल्यांकन करता येते, ते ज्ञान. धैर्य, विवेक, माणसांची पारख, योग्य वेळी गप्प बसण्याची कला या उरलेल्या गोष्टी अभ्यासेतर उपक्रमांत मोडतात आणि त्यांच्यासाठी स्नेहसंमेलनात ढाली दिल्या जातात. अठ्ठावीस वर्षे नोकरी करूनही ही व्याख्या मी मनाने स्वीकारली नव्हती. सहीने मात्र स्वीकारली. ही त्या सहीची हकिकत आहे.

मी हेमलता कुंभोजकर. कोल्हापूरच्या एका व्यवस्थापन संस्थेत प्राध्यापक. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण तिच्यासारख्या दोनशे बारा संस्था राज्यात आहेत आणि एकीचा उल्लेख करणे हा उरलेल्या दोनशे अकरांवर अन्याय होईल.

शल्यविशारदाला शवविच्छेदनाशिवाय आणि वैमानिकाला कृत्रिम कॉकपिटशिवाय परवाना मिळत नाही. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांनी तर सव्वादोनशे वर्षांपूर्वी वाळूच्या टेबलावर लाकडी पलटणी हरवून युद्ध शिकून घेतले होते. दोनशे कामगारांवर हुकूम चालवण्याचा परवाना मात्र आपण २०४१ सालीही शंभर गुणांच्या लेखी परीक्षेवर देतो. 'नेतृत्वाचे सात गुण सांगा.' विद्यार्थी सात सांगतो. सहा सांगितले तर नेतृत्व थोडे कमी पडते.

मला याचा राग होता. निव्वळ रागाने काही होत नाही, म्हणून मी पाच वर्षे खर्चून एक भट्टी बांधली.

ती भट्टी संगणकात होती. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या तीन फौंड्र्यांनी, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्यांनी, आणि तिथल्या कामगारांनी परवानगी दिली, म्हणून मी त्यांच्या पाळीबदलाच्या बैठका, भांडणे, समेट, चहाच्या वेळची कुजबुज अशी अकरा हजार तासांची बोलणी नोंदवली. त्यांतून यंत्राने दोनशे चौदा माणसे उभी केली. ती खऱ्या माणसांच्या नकला नव्हत्या. खऱ्यांच्या वागण्यातून गाळून घडवलेली नवी माणसे होती. प्रत्येकाला स्मृती होती, थकवा होता आणि विश्वास होता. विश्वास ही आमच्या गणितातली सर्वांत विचित्र राशी. ती टाकीतल्या पाण्यासारखी वागे. भरायला आठवडे लागत, रिकामी व्हायला एक वाक्य पुरे. विद्यार्थ्याने तीस दिवस या फौंड्रीचा व्यवस्थापक व्हायचे, कानाला यंत्र लावून या माणसांशी बोलायचे, निर्णय घ्यायचे आणि परिणाम भोगायचे. मुले तिला 'खोटी भट्टी' म्हणत. ते नाव मला आवडे. खोट्या वस्तूला खोटी म्हणण्याचे धाडस आमच्या खऱ्या अभ्यासक्रमाबाबत कोणी दाखवले नव्हते.

यंत्राकडे शब्दकोश नव्हता, हे इथे सांगितले पाहिजे. एखाद्या शब्दाचा अर्थ काय, हे ते त्या शब्दानंतर काय घडले यावरून ठरवी. 'होय' म्हटल्यानंतर शंभरातली त्र्याहत्तर कामे झाली होती. 'करतो' नंतर एकसष्ट. आणि आमच्या गावच्या अत्यंत सभ्य, हसतमुख, लाघवी 'बघूया की' नंतर शंभरातली सात. हा आकडा प्रथम पडद्यावर आला तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. आम्ही कोल्हापूरची माणसे तोंडावर नकार देत नाही. 'बघूया की' म्हणतो, आणि ऐकणाराही ते समजून घरी जातो. यंत्राने हे कोणी न सांगता ओळखले होते. मला त्याचा अभिमान वाटला. यंत्राचाही आणि गावाचाही.

मग अडथळे आले. वेळापत्रकात तास पन्नास मिनिटांचा आणि भट्टीचा एक दिवस तीन तासांचा. प्रयोगशाळा संगणक विभागाची. व्यवस्थापनाला 'प्रात्यक्षिक' नाही, म्हणून किल्ली नाही. वर्षभर आम्ही रविवारी बसलो. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "हे यंत्रच शिकवणार असेल तर वर्गात आम्ही करायचं काय?"

"मुलांबरोबर हरायचं," मी म्हणाले.

त्यानंतर ते माझ्याशी फक्त परिपत्रकांतून बोलले.

खरा अडथळा यांपैकी कोणताच नव्हता. तो संचालकांच्या दालनात, चहा घेत, अत्यंत प्रेमाने आला.

संचालक डॉ. दिगंबर खराडे माझे वर्गमित्र. बैठकीत मला 'कुंभोजकर मॅडम' म्हणत, दालनात 'हेमा'.

"हेमा, विषय मंजूर होतोय," ते म्हणाले. "शंभर गुण, स्वतंत्र परीक्षा. अभ्यास मंडळाची एकच अट आहे. दोन मुलांनी अगदी तेच निर्णय घेतले तर गुण तेच पडले पाहिजेत."

"पडणार नाहीत. तेच निर्णय सोमवारी चालतात, मंगळवारी अंगावर येतात. शिकवायचं तेच आहे."

"आणि पालक कोर्टात गेले तर? न्यायाधीशांना मी काय सांगू, त्या दिवशी भट्टीचा मूड नव्हता म्हणून?"

"सांग तसं. खरं तेच आहे."

"खरं असेल गं. पण त्याची नमुना उत्तरपत्रिका दे की मला!"

त्यांचे म्हणणे समजण्यासाठी संगणकाचे एक गुपित सांगावे लागेल. संगणकाला दैव नसते. तो दैवाचे सोंग आणतो. एका आकड्यापासून सुरुवात करून तो पुढचे आकडे असे काही काढत जातो की पाहणाऱ्याला ते यदृच्छेने पडलेले वाटावेत. त्या पहिल्या आकड्याला आम्ही बीजांक म्हणतो. बीजांक बदलला की आमच्या भट्टीत कोणाच्या पोराला ताप येई, कुठे वीज तासभर जाई, एखादा पर्यवेक्षक घरी भांडून येई. बीजांक तोच ठेवला की तेच जग शेवटच्या शिंकेपर्यंत पुन्हा घडे.

म्हणून आम्ही एका धावेवर कोणाला जोखत नव्हतो. तीस दिवसांपैकी पहिल्या पंधरा दिवसांतच यंत्र विद्यार्थ्याची निर्णय घेण्याची धाटणी शिके. मग ती धाटणी, म्हणजे त्याची सावलीच म्हणा, हजार वेगवेगळ्या बीजांकांच्या हजार जगांत भट्टी चालवून पाही. व्यवस्थापकाची लायकी त्या हजारांच्या पसाऱ्यात दिसे. एका जगात कोणीही शहाणा ठरू शकतो. त्याला आपण नशीब म्हणतो आणि नंतर त्याचे चरित्र लिहितो.

मंडळाला हजार जगे नको होती. एक हवे होते. बीजांक ४१७ कायमचा बंद करायचा, सर्वांना तेच जग द्यायचे आणि तीस दिवसांच्या शेवटी यंत्राने एकच आकडा सांगायचा.

"आज कुलूप लाव," खराडे म्हणाले. "विषय एकदा रुजू दे. दोन वर्षांनी उघडू. नाहीतर काहीच नाही. तूच ठरव, बंद भट्टी सगळ्यांना, की उघडी भट्टी कोणालाच नाही?"

प्रश्न इतका सुबक होता की तो खोटा असणार हे मला कळायला हवे होते. कळलेही. १२ जून रोजी मी सही केली.

नोव्हेंबरात 'खोटी भट्टी: हमखास यश' नावाचे अठ्ठेचाळीस पानी गाईड दुकानांत आले. जग एकच असल्यामुळे त्याचा नकाशा काढणे सोपे होते. 'तिसरा दिवस: दत्तू माने यांना चहा विचारा. सातवा दिवस: ठेकेदाराचे म्हणणे ऐकून घ्या, उत्तर देऊ नका.' माझी दोनशे चौदा माणसे, त्यांच्या लहरी, त्यांचे मान-अपमान यांचे अठ्ठेचाळीस पानांत टपालखात्याचे वेळापत्रक झाले. मुलांनी ते पाठ केले. त्यांचा दोष नव्हता. आपण त्यांना बालवाडीपासून दुसरे काय शिकवले?

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. त्रेसष्ट विद्यार्थी बसले. बासष्ट उत्तीर्ण, त्यांतल्या एकोणपन्नास जणांना शहाण्णव गुण. नापास एक. अफसाना शिकलगार, चौतीस गुण.

अफसाना माझ्या दालनात आली ती रडत नव्हती. तिच्या हातात पुनर्मूल्यांकनाचा अर्ज होता आणि चेहऱ्यावर, एखाद्याने आपल्याच घरात आपल्याला रस्ता विचारावा, तसा भाव होता.

"मॅडम, मला गुण वाढवून नकोत. माझं कुठं चुकलं एवढं दाखवा."

तिचे वडील बाबूलाल शिकलगार शिरोलीच्या एका फौंड्रीत तीस वर्षे भट्टीवर होते. त्याच फौंड्रीने तिला प्रशिक्षणार्थी व्यवस्थापक म्हणून निवडले होते. अट एकच, ऑगस्टअखेर निकालपत्र. निकालात नापासाचा शेरा राहिला तर जागा दुसऱ्याची.

मी तिच्या परीक्षेची नोंद उघडली. अठरा दिवस उत्तम. एकोणिसाव्या दिवशी तिने भट्टी बंद केली होती.

विजेच्या भट्टीत वितळलेले लोखंड आणि भोवतीचे तांब्याचे वेटोळे यांच्यामध्ये फक्त वाळूच्या अस्तराची, म्हणजे लायनिंगची, भिंत असते. वेटोळ्यातून थंड पाणी खेळत असते. प्रत्येक वितळणीला, कामगारांच्या भाषेत हीटला, अस्तर थोडे झिजते. ते फुटले, लोखंडाचा रस पाण्याला भेटला, की पाण्याची क्षणात वाफ होते आणि मग भट्टी राहत नाही, तोफ होते. फौंड्रीत हे लहान पोरालाही माहीत असते. व्यवस्थापनाच्या पदवीधराला असेलच असे नाही.

आम्ही दोघींनी नोंद ऐकली. पर्यवेक्षक भैरू चौगले, म्हणजे यंत्राने घडवलेला चौगले, आणि ती.

"चौगले मामा, लायनिंग मोजलं का आज?"

"मोजायचं हाय."

"आत्ता मोजून मग पुढची हीट घेऊया?"

"बघूया की, मॅडम. गडबड काय हाय?"

नंतर अफसानाचा आवाज: "भट्टी थांबवा. सगळ्यांना लांब उभं करा."

दोन दिवस उत्पादन बंद राहिले. अस्तर उकरून पाहिले तर शाबूत. ट्रॅक्टर कंपनीला जायचा माल उशिरा गेला. यंत्राने हिशेब केला: चौतीस.

"का थांबवलीस?" मी विचारले.

"ते 'बघूया की' म्हणाले ना." तिला माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. "म्हणजे मोजणार नाहीत. न मोजता हीट घ्यायची म्हणजे... मॅडम, अब्बांच्या हातावर अजून डाग आहेत."

"गाईड वाचलं नव्हतंस?"

"वाचलं होतं. त्यात छापलंय, 'चौगले होकार देतात, पुढे जा.' मला वाटलं, गाईड लिहिणारे आपल्याकडचे नसतील."

मी तिची सावली प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर चढवली. बीजांकाचे कुलूप माझ्याच संकेतशब्दाने काढले आणि हजार जगे सोडली. चार तास लागले. तेवढ्या वेळात आम्ही दोघींनी डबा खाल्ला आणि ती मला साच्याची वाळू मुठीत दाबून कशी पारखतात ते हाताने दाखवत होती.

मग दुसऱ्या हजार जगांत गाईड सोडले.

गाईडप्रमाणे वागणारा व्यवस्थापक तीनशे अठ्ठ्याऐंशी जगांत भट्टी फोडत होता. एकशे बारा जगांत माणसे मरत होती. बीजांक ४१७ हे उरलेल्यांतले एक भाग्यवान जग होते, एवढेच. आमच्या बासष्ट मुलांनी नकाराला होकार मानले आणि बासष्ट वेळा एकाच नशिबाने त्यांना वाचवले. त्या नशिबाला आम्ही शहाण्णव गुण दिले.

अफसानाचा व्यवस्थापक आदर्श नव्हता. तिचे ट्रॅक्टरवाले हजारपैकी सहाशे जगांत चिडले. तिची माणसे मात्र हजारही जगांत संध्याकाळी घरी गेली.

अठ्ठावीस वर्षांत मी अनेक गुणपत्रिकांवर सह्या केल्या आहेत. अभिमानाने छाती भरून यावी असा आकडा मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिला, आणि त्याला बसायला रकाना नव्हता.

तिने पडद्यावरचे आकडे पुन्हा वाचले. मग म्हणाली, "कुलूप विद्यापीठानं लावलं होतं?"

"अट त्यांची. सही माझी."

ती उठून डबा धुवायला घेऊन गेली, दोघींचाही.

दुसऱ्या दिवशी मी खराडेंना दोन्ही आलेख दाखवले. त्यांनी ते लक्षपूर्वक पाहिले. मूर्ख माणसाशी लढणे सोपे असते. खराडे मूर्ख नव्हते.

"पोरगी जबरदस्त आहे," ते म्हणाले. "नापास ठेवता येणार नाही. सहा गुण हवेत ना? ग्रेस देतो. आज संध्याकाळी तिचा निकाल दुरुस्त."

"आणि परीक्षा?"

"परीक्षेला कशाला हात लावायचा? हेमा, ऐक. पुढच्या जूनपासून हे दोनशे बारा संस्थांत जातंय. राज्यभर. तुझं नाव, तुझं यंत्र, प्रमुख तूच. त्यासाठी यंदाची परीक्षा ग्राह्य आहे असं प्रमाणपत्र मंडळाला द्यायचंय. सोमवारी बैठक आहे. सही कर, मुलगी पास, विषय राज्यात. नाही केलीस तर बासष्ट पोरांचे निकाल रद्द, विषय बंद, आणि तुझ्या अफसानाचं ऑगस्टचं तसंच लटकलेलं."

"दोनशे बारा ठिकाणी एकच बीजांक?"

"दोन वर्षांनी उघडू म्हटलं ना!"

"कधी?"

खराडे हसले. मनापासून, मित्रासारखे. "बघू की गं."

न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. मला इतके लांब जावे लागले नाही.

तरीही त्या दुपारी मी अफसानाला बोलावले, कारण पणाला लागलेली नोकरी तिची होती आणि दुसऱ्याच्या नोकरीवर आपली तत्त्वे शेकणे हा माझ्या पेशाचा जुना रोग आहे. मी सर्व सांगितले. ग्रेस घेतलेस तर काम झाले. कोणी तुला नावे ठेवणार नाही, मी तर मुळीच नाही.

"ग्रेस कोणाला देतात, मॅडम?"

"जो थोडक्यात चुकला त्याला."

"मी थोडक्यात चुकले का?"

"नाही."

"मग अब्बांना काय सांगू? भट्टी थांबवली म्हणून नापास झाले, आणि साहेबांनी माफ केलं म्हणून पास?" तिने ओढणी सारखी केली. "ज्या फाटकातून ते तीस वर्षं डबा घेऊन आत गेले, तिथं मी माफी घेऊन जायचं?"

"नोकरी जाऊ शकते, अफसाना."

"जाईल. दुसरी शोधीन. फौंड्री काय एकच आहे का? तुम्ही तुमचं करा, मॅडम. माझ्याकडं बघून करू नका."

हे शेवटचे वाक्य आदराने उच्चारले होते. ते आदर म्हणून ऐकले जावे अशी तिची अपेक्षा नव्हती आणि मी ते टोला म्हणूनच ऐकले.

सोमवारची बैठक विद्यापीठाच्या जुन्या सभागृहात झाली. पाच सदस्य, अध्यक्षस्थानी अधिष्ठाता डॉ. अरविंद महागावकर. गृहस्थ वृद्ध, सौजन्यशील. चाळीस वर्षांत त्यांनी कोणत्याही ठरावाला विरोध केला नव्हता आणि कोणताही ठराव वाचला नव्हता. मी प्रमाणपत्राऐवजी पडदा लावला. हजार हिरवे-लाल ठिपके, एका बाजूला गाईड, एका बाजूला 'विद्यार्थी क्रमांक ५१'. नाव सांगितले नाही.

"पण आपल्या परीक्षेत भट्टी फुटली नाही ना?" एका सदस्यांनी विचारले.

"नाही."

"मग मुलांचं चुकलं काय?"

"काहीच नाही. परीक्षेचं चुकलं."

महागावकरांनी चष्मा पुसला. "कुंभोजकर मॅडम, एक शंका. या हजारांतलं बरोबर उत्तर नेमकं कोणतं?"

"हजारही, सर."

"गुणपत्रिकेत रकाना एक आहे हो."

"ठाऊक आहे. त्या रकान्यात मावावं म्हणून मी जगाची नऊशे नव्व्याण्णव रूपं कापून टाकली. १२ जूनच्या कागदावर सही माझी आहे. ती मी मागे घेते. यंदाची परीक्षा अग्राह्य आहे असं लेखी देते."

खराडेंनी मान खाली घातली. त्यांच्याविषयी मला त्या क्षणी राग नव्हता. त्यांनी मला कधीच फसवले नव्हते. त्यांनी फक्त किंमत सांगितली होती आणि मी एकदा ती दिली होती.

निर्णय अपेक्षेपेक्षा लवकर झाला. परीक्षा रद्द. भट्टी 'पुढील विचारार्थ स्थगित'. त्रेसष्ट जणांची जुलैमध्ये लेखी फेरपरीक्षा. विषयाचे नाव 'सिम्युलेशन: संकल्पना व उपयोजन', शंभर गुण. भट्टी नसली तरी भट्टीविषयी टिपा लिहिता येतात. प्रश्नपत्रिका आणि नमुना उत्तरपत्रिका काढण्याचे काम माझ्याकडे दिले गेले. शिक्षा म्हणून. या विद्यापीठात शिक्षा आणि सन्मान यांचे नमुने छापील आणि एकसारखेच असतात.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले तेव्हा बैठकीतले आकडे मुलांपर्यंत पोचले होते आणि बासष्ट चेहरे कडवट होते. अफसाना शेवटच्या बाकावर, दोन्हीकडच्या जागा रिकाम्या. वरदराज सावेकर उभा राहिला. शहाण्णव गुणवाल्यांपैकी, हुशार, आणि त्या दिवशी न्याय्य रीतीने संतापलेला.

"मॅडम, एकीसाठी आम्हा सगळ्यांचा निकाल घालवलात. आमचा काय गुन्हा?"

"वरदराज, बाबांकडे नवी गाडी मागितलीयस कधी?"

"मागितली की. दिवाळीत."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बघूया की."

"मिळाली?"

"कुठली मिळतीय! त्यांनी तसं म्हटलं तेव्हाच कळलं, नाही म्हणून."

"आणि चौगले तेच म्हणाले तेव्हा?"

तो उत्तर द्यायला गेला. "ते गाईडमध्ये होकार..." एवढे म्हणून थांबला. त्याचे वाक्य त्याच्याच तोंडात उलटे वळताना मी पाहिले. एरवी अशा वेळी वर्ग हसतो. तो हसला नाही. मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "आयला."

एकशे बारा जगांतली मेलेली माणसे खोटी होती. तरी त्या वर्गात त्यांच्यासाठी क्षणभर कोणीतरी गप्प बसले. ज्या विषयाला मंडळाने स्थगिती दिली, तो त्या सकाळी शिकवून झाला होता. वरदराजने वही उचलली आणि शेवटच्या बाकावर, अफसानाच्या शेजारी जाऊन बसला. "सरक," एवढेच तो म्हणाला. ती सरकली.

प्रश्नपत्रिका मी नियमाप्रमाणे काढली. पाचवा प्रश्न असा: 'व्यवस्थापन शिक्षणात सिम्युलेशन-आधारित अध्यापनाच्या वापरातील अडथळे स्पष्ट करा. (१० गुण)' याचे ग्रांथिक उत्तर सर्वांना पाठ असते: साधनांचा अभाव, प्रशिक्षित अध्यापकांचा अभाव, वेळेचा अभाव, मूल्यमापनाच्या अडचणी, मानसिकता. अभावांची आपल्याकडे कधीच टंचाई नसते. नमुना उत्तरपत्रिकेत मी लिहिले: 'अडथळ्यांची यादी दिल्यास पाच गुण. अडथळा कुठे, केव्हा आणि कोणामुळे उभा राहिला हे दाखवून दिल्यास दहा.' मंडळाने हे न वाचता मंजूर केले. त्यांच्या कार्यपद्धतीने मला दिलेला तेवढा एकच आनंद.

उत्तरपत्रिकांवर नाव नसते, संकेतांक असतो. बासष्ट जणांनी यादी दिली. काहींची यादी सुंदर होती. एकेचाळिसाव्या उत्तरपत्रिकेत यादी नव्हती.

'अडथळा संगणकांचा, जागेचा किंवा वेळेचा नव्हता,' असे तीत लिहिले होते. 'संगणक होते, जागा मिळाली होती आणि वेळ विद्यार्थ्यांनी रविवारी काढला होता. मंडळालाही मी अडथळा म्हणणार नाही. मंडळाला यंत्र कळत नव्हते. ज्याला कळत नाही असा माणूस ही भिंत असते आणि भिंतीला दार पाडता येते. दार आतून लावून घेणाऱ्याला अडथळा म्हणावे. यंत्र ज्यांना सर्वांत नीट कळत होते, त्या प्रा. हेमलता कुंभोजकर यांनी १२ जून रोजी कुलपाच्या कागदावर सही केली. त्यांनी ती नंतर मागे घेतली, हेही नोंदवले पाहिजे; परंतु प्रश्न अडथळ्यांविषयी आहे.'

मी ते दोनदा वाचले. पुष्कळ ग्रंथ वाचले आहेत मी, पुष्कळ परीक्षणेही सोसली आहेत. माझ्याविषयी इतके अचूक, इतके निष्ठुर आणि इतके सुरेख वाक्य कोणी लिहिले नव्हते. उत्तरपत्रिका कोणाची, ते नियमानुसार मला माहीत नाही. मी समासात दहा लिहिले.

निकाल ऑगस्टच्या अठ्ठावीस तारखेला लागायचा होता आणि शिरोलीच्या फौंड्रीने जागा एकतीसपर्यंत राखून ठेवली होती. पंचवीसला नियामकांचा फोन आला. नियामक म्हणजे परीक्षकांवरचे परीक्षक. आम्ही दिलेले गुण ते चाळून पाहतात.

"मॅडम, एकेचाळीस नंबर. पाचव्या प्रश्नाला पैकीच्या पैकी दिलेत तुम्ही."

"हो."

"वर्णनात्मक उत्तराला पैकीच्या पैकी देत नाहीत हो. प्रथा आहे. साडेनऊ करतो."

"करा. फक्त अर्धा गुण कशासाठी कमी केला, ते कारण शेरा म्हणून लिहा. उत्तरात काय राहिलं, ते."

फोनवर पाने उलटल्याचा आवाज आला. ते उत्तर वाचत होते, बहुधा पहिल्यांदाच. त्यांना वेळ लागला.

"यात... तुमचंच नाव आहे, मॅडम."

"हो. तारीखही बरोबर आहे."

"मग मी काय राहिलं म्हणून लिहू?"

"तेच तुम्हाला विचारतेय."

पान पुन्हा उलटल्याचे ऐकू आले. मग घसा खाकरून, काहीशा अवघडलेल्या पण स्वच्छ आवाजात म्हणाले, "काही राहिलेलं नाही."

दहापैकी दहा कायम राहिले.